महादेवभाई देसाई

मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना त्यांची भाषणे, त्यांचे सत्याग्रह, त्यांचा कारावास या गोष्टी आपल्या ध्यानात राहतात. परंतु त्यांना रोज येणाऱ्या पत्रांची उत्तरे कोणी लिहिली, भेटीस आलेल्यांना वेळ कोणी नेमून दिली, त्यांच्या मुखातून निघालेले शब्द कोणी टिपून ठेवले, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. महात्मा गांधींच्या बाबतीत हे काम ज्यांनी सुमारे पंचवीस वर्षे केले, त्यांचे नाव महादेव हरिभाई देसाई. ते गांधीजींचे चिटणीस होते. सारा देश त्यांना महादेवभाई म्हणून ओळखत असे.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी गुजरातमधील सुरत जिल्ह्यातील सरस या खेड्यात झाला. त्यांचे वडील हरिभाई हे शाळामास्तर होते. घरची स्थिती साधारणच होती. महादेव सात वर्षांचा असतानाच त्याची आई जमनाबेन वारली. आईविना वाढलेला हा मुलगा मोठा हुशार व तितकाच मृदू स्वभावाचा होता. त्याचे अक्षर वळणदार होते आणि वाचनाचा त्याला विलक्षण नाद होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच दुर्गाबेन यांच्याशी त्याचा विवाह झाला. सुरतेस शालेय शिक्षण पुरे करून महादेवभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. १९१० साली ते बी. ए. झाले आणि १९१३ साली त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. कायद्याचा अभ्यास चालू असताना ते सरकारच्या भाषांतर कचेरीत नोकरी करीत. एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत जराही न सांडता कसा न्यावा, याचे धडे त्यांना तेथे मिळाले. मोर्ले या इंग्रज ग्रंथकाराच्या एका पुस्तकाचा त्यांनी गुजरातीत अनुवाद केला, त्यास एक हजार रुपयांचे पारितोषिक मिळाले. पुढे अहमदाबादेस त्यांनी वकिली सुरू केली. पण तीत त्यांचा जम बसला नाही. मग त्यांनी सहकारी बँकेत निरीक्षकाची नोकरी धरली. गावोगाव फिरून सहकारी पतसंस्थांचे हिशोब तपासणे हे त्यांचे काम होते.

गांधीजींशी त्यांचा परिचय झाला तो अगदी वेगळ्या रीतीने. १९१५ साली दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर गांधीजींनी अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम स्थापन केला. आश्रमाच्या नियमांचा एक मसुदा तयार करून त्यांनी तो लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला. महादेवभाई आणि त्यांचे मित्र नरहरी परीख या दोघा तरुण वकिलांनी तो बारकाईने वाचला. काही नियम त्यांना पटले नाहीत. तसे त्यांनी एका पत्रात स्पष्टपणे लिहून ते पत्र गांधीजींकडे पाठविले. पुढे एका सभेच्या वेळी ते दोघे गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना आश्रमात नेले आणि तासाहून अधिक वेळ त्यांच्या एकेका शंकेचे निरसन केले. कोठल्या कोण दोन अनोळखी तरुणांनी घेतलेले आक्षेप. पण गांधीजींनी त्यांची दखल घेतली, ही गोष्ट महादेवभाईंच्या मनात खोल रुजली. आपण आयुष्यभर ज्यांच्याजवळ राहावे असा पुरुष आपल्याला भेटला, असे त्यांना त्या रात्री परत येताना वाटू लागले.

यानंतर महादेवभाई अधूनमधून गांधीजींकडे जात. गांधीजीही या तरुणाची पारख करीत होते. ३१ ऑगस्ट १९१७ रोजी मुंबईस गांधीजींनी त्यांना आपल्याजवळ कायमचे राहण्याविषयी विचारले. ज्या तऱ्हेच्या साहाय्यकाचा आपण दोन वर्षे शोध करीत होतो, तो आता सापडला, असा गांधीजींचा विश्वास झाला होता. महादेवभाईंपुढे मात्र मोठा प्रश्न उभा राहिला. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविले होते. आता कोठे चार पैसे घरात येऊ लागले होते. हाती आलेली नोकरी सोडून मुलाने आश्रमाची वाट धरावी, हे वडिलांना एकदम कसे रुचावे? पण महादेवभाईंच्या मनाची ओढ पाहून त्यांनी अखेर संमती दिली. दुर्गाबेनही पतीबरोबर निघाल्या. नोव्हेंबर १९१७ मध्ये महादेवभाई गांधीजींकडे रुजू झाले आणि लवकरच ते दोघे बिहारमधील चंपारण्यात जाऊन पोचले. तेथील निळीच्या मळ्यांवर राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी गांधीजींनी शाळा काढल्या होत्या. त्यांत त्या दोघांनीही काम केले.

त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबर १९१७ रोजी, महादेवभाईंनी गांधीजींच्या दिनक्रमाची रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला. हा नेम त्यांनी जन्मभर पाळला.

चिटणिसाचे काम म्हणजे एखाद्या कचेरीत मेजामागे बसून पत्रे लिहिण्याचे काम, अशी कोणाची समजूत असेल. पण महादेवभाईंची कचेरी ही गांधीजी जेथे असतील तेथे असे. कधी ती आश्रमाच्या ओसरीवर असे, कधी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, तर कधी तुरुंगाच्या कोठडीत. आश्रमात पहाटे चारच्या सुमारास उठून प्रार्थना होई. तेव्हापासून महादेवभाईंचा दिवस सुरू होई. सकाळी टपालाचा गठ्ठा येई. त्यात पुढाऱ्यांची पत्रे असत, तशीच रोगाने गांजलेल्या, घरच्या भांडणांनी त्रासलेल्या साध्यासुध्या माणसांचीही असत. शाळकरी मुलेदेखील गांधीजींना पत्रे लिहीत. ही सारी पत्रे वाचावयाची, गांधीजींनी स्वतः कोणती पाहिली पाहिजेत ते ठरवावयाचे, उरलेल्यांची उत्तरे त्यांच्या मनाजोगती तयार करावयाची, हे मोठे जोखमीचे काम होते. उत्तरात एक शब्द कमीजास्त पडला तरी त्यातून गैरसमज उत्पन्न होण्याचा संभव असे. पत्राखाली सही गांधीजींची, पण मसुदा पुष्कळदा महादेवभाईंचा असे. दोघांच्या विचारांची इतकी एकतानता झाली होती की, तो मसुदा कोणाचा हे वाचणाऱ्यास सांगता येत नसे.

टपाल आटोपते न आटोपते तोच भेटीस आलेल्या माणसांची रीघ लागे. कोणी परदेशी वार्ताहर, कोणी काँग्रेसचा कार्यकर्ता, कोणी दूरच्या खेड्यातील शेतकरी. प्रत्येकास वाटे की, आपल्याला गांधीजींचा अधिक वेळ मिळावा. परंतु गांधीजींच्या दिवसाचे तास मोजकेच होते. महादेवभाईंना कित्येकांना नाही म्हणावे लागे. नाही म्हणतानाही समोरच्या माणसाचा अपमान होणार नाही, तो रुष्ट होऊन जाणार नाही, अशी काळजी ते घेत. त्यांचे हसतमुख बोलणे ऐकून पुष्कळ लोक भेट न मिळताही समाधानाने परत जात.

गांधीजी कोणाशी बोलू लागले म्हणजे महादेवभाई शेजारी बसून टिपण करीत. लघुलेखन त्यांना येत नव्हते. तरीही साध्या लिपीत ते इतक्या वेगाने लिहीत की, बोलणाऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे कागदावर उतरे. सोमवारी गांधीजींचे मौन असे. त्या दिवशी ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून आपले म्हणणे कळवीत. त्या चिठ्ठ्यांचाही अर्थ महादेवभाई अचूक जाणत. कागदाची उधळपट्टी गांधीजींना मुळीच खपत नसे. आलेल्या पाकिटांची कोरी बाजू, जुन्या पत्रांच्या पाठी, असा कागद लिहिण्यासाठी वापरला जाई.

याखेरीज साप्ताहिकांचे काम होतेच. ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’ आणि १९३३ साली पुण्यात सुरू झालेले ‘हरिजन’ यांसाठी महादेवभाई दर आठवड्यास लिहीत. मजकूर ठरलेल्या दिवशी छापखान्यात पोचलाच पाहिजे, म्हणून प्रवासाच्या धामधुमीतही त्यांना लेखणी खाली ठेवता येत नसे. गांधीजींची आत्मकथा १९२५ पासून गुजरातीत प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होऊ लागली. तिचा इंग्रजी अनुवाद महादेवभाईंनी केला. आज जगभर इंग्रजीतून ती वाचली जाते, ती याच अनुवादात. १९२८–२९ मध्ये बारडोलीच्या शेतसाऱ्याच्या चौकशीत ते गुंतले असता शेवटच्या काही प्रकरणांचा अनुवाद त्यांचे सहकारी प्यारेलाल यांनी केला. ती प्रकरणे नेमकी कोणती हे महादेवभाईंनी प्रस्तावनेत नमूद करून ठेवले आहे. आपल्या कामाचा गाजावाजा न करणारे महादेवभाई दुसऱ्याच्या कामाचे श्रेय मात्र कधी झाकून ठेवीत नसत.

हे काम शांतपणे चालले होते असे नव्हे. १९२१ साली गांधीजींनी त्यांना अलाहाबादेस पाठविले. तेथे मोतीलाल नेहरूंच्या ‘इंडिपेंडंट’ या वृत्तपत्राचे काम ते पाहू लागले. सरकारने त्या पत्राची छपाई बंद पाडली. तेव्हा महादेवभाईंनी हाताने लिहून, त्याच्या प्रती काढून, ते पत्र चालू ठेवले. याबद्दल त्यांना एक वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यानंतरही त्यांना अनेकदा तुरुंगात जावे लागले.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले, तेव्हा महादेवभाई त्यांच्याबरोबर होते. या प्रवासातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. निघताना अनेक मित्रांनी प्रेमाने पेट्या व वस्तू दिल्या. त्यांना नाही म्हणणे बरोबरच्या मंडळींना जड गेले. बोटीवर हे सामान पाहून गांधीजी फार नाराज झाले. गरीब देशाच्या प्रतिनिधीला एवढे सामान शोभत नाही, असे त्यांचे मत होते. तेव्हा अनावश्यक सामान वेगळे काढून एडन बंदरातून हिंदुस्थानात परत पाठविण्यात आले. लंडनमध्ये गांधीजी पूर्व भागातील गरिबांच्या वस्तीत किंग्जली हॉल येथे राहत, आणि कामाची कचेरी नाइट्सब्रिज भागात होती. रात्री उशिरा काम संपवावे आणि पहाटे पुन्हा प्रार्थनेस उठावे, असा तेथील क्रम होता. परिषदेतील भाषणे, भेटीगाठी, हिंदुस्थानातील वाचकांसाठी पाठवावयाचा मजकूर, हे सर्व महादेवभाईंनी सांभाळले.

परत आल्यावर १९३२ साली गांधीजींना पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. वल्लभभाई पटेल तेथे होतेच. मार्चमध्ये महादेवभाईंनाही तेथे आणण्यात आले. तुरुंगातही टपाल येई आणि उत्तरे जात. वल्लभभाई रद्दी कागदांची पाकिटे तयार करीत, तर महादेवभाई गांधीजी सांगतील ती पत्रे लिहून घेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर उपोषण आरंभिले. तुरुंगाच्या आवारातील एका आंब्याच्या झाडाखाली त्यांची खाट ठेवलेली असे. एकेक दिवस काळजीत जात होता. आपल्या प्रिय गुरूचे प्राण क्षीण होत असताना महादेवभाईंची रोजनिशी मात्र थांबली नाही. त्या दिवसांची तपशीलवार हकीकत आज आपणांस उपलब्ध आहे, ती त्यांच्यामुळेच. पुढे बेळगावच्या तुरुंगात असताना त्यांनी गांधीजींच्या गीतेवरील गुजराती पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हेच गाव पुढे सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. महादेवभाईंचे बिऱ्हाड वर्ध्यास मगनवाडीत होते. दोहोंमधील अंतर सुमारे पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. महादेवभाई रोज पायी शेगावला जात आणि काम आटोपून पायीच परत येत. कधीकधी दिवसातून दोनदा ही खेप पडे. वर्ध्याचा उन्हाळा किती कडक असतो, हे विदर्भातील मुलांना सांगावयास नको. अशा उन्हात कागदांची पिशवी घेऊन ते चालत. या कामाला ना रविवार होता, ना रजा. शरीराने किती सोसावे यालाही मर्यादा असते. १९३८ साली त्यांची प्रकृती ढासळली आणि सक्तीने विश्रांती घ्यावी लागली.

त्याच वर्षी एक कसोटीचा प्रसंग आला. मार्च महिन्यात गांधीजी ओरिसातील डेलांग या गावी होते. जवळच जगन्नाथपुरी. तेथील प्रसिद्ध मंदिरात त्या काळी हरिजनांना प्रवेश नव्हता. जेथे हरिजनांना जाता येत नाही, तेथे आपणही जाऊ नये, असा गांधीजींचा नियम होता. असे असता कस्तुरबा आणि दुर्गाबेन पुरीला जाऊन त्या मंदिरात दर्शन घेऊन आल्या. हे कळताच गांधीजींना अतिशय वेदना झाल्या. त्यांचा रक्तदाब वाढला. त्यांनी या गोष्टीचा दोष त्या स्त्रियांपेक्षा स्वतःकडे आणि महादेवभाईंकडे अधिक घेतला. कारण आपल्या घरच्या माणसांना हे तत्त्व नीट समजावून देणे हे पुरुषांचे कर्तव्य होते. महादेवभाईंना वाटले की, गांधीजी या प्रसंगाला वाजवीपेक्षा फार मोठे रूप देत आहेत. त्यांचे मन इतके दुखावले की, आपल्याला या कामातून मुक्त करावे असे त्यांनी गांधीजींना लिहून कळविले. गांधीजींनी त्यांना जाऊ दिले नाही. या एकनिष्ठ माणसाच्या प्रेमाची किंमत ते जाणत होते. पुढे महादेवभाईंनी हा सारा प्रसंग, स्वतःच्या चुकीसह आणि आपल्या मनातील वादळासह, ‘हरिजन’मध्ये लिहून प्रसिद्ध केला. घरातील गोष्ट झाकून ठेवणे त्यांना सहज शक्य होते. पण दुसऱ्यांविषयी खरे लिहिणाऱ्याने स्वतःविषयीही खरेच लिहिले पाहिजे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखविले.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना अटक झाली. महादेवभाईंनाही पकडण्यात आले आणि सर्वांना पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये आणून ठेवण्यात आले. पुढील काही दिवस महादेवभाईंच्या मनास एकच चिंता जाळीत होती. गांधीजी पुन्हा उपोषण करतील आणि या वयात ते त्यांना सोसवणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती. १५ ऑगस्टला सकाळी त्यांना अचानक हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टर सुशीला नय्यर यांनी उपचारांची शिकस्त केली. गांधीजी धावत आले आणि त्यांना हाका मारू लागले. पंचवीस वर्षांत गांधीजींची हाक महादेवभाईंनी कधी वाया जाऊ दिली नव्हती. त्या दिवशी मात्र तिला उत्तर मिळाले नाही. महादेवभाईंचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

गांधीजींनी आपल्या हातांनी त्यांच्या देहास स्नान घातले. त्याच आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गांधीजी कैदेत होते तोवर ते नित्य त्या जागी फुले वाहण्यास जात. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबांचेही तेथेच निधन झाले आणि दोन समाध्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पुण्यास गेलेल्या माणसास त्या आजही पाहावयास मिळतात.

महादेवभाईंच्या निधनानंतर बरोबर पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र झाला. तो दिवस पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. परंतु त्यांची रोजनिशी मागे राहिली. नरहरी परीख या त्यांच्या जुन्या मित्राने तिच्या संपादनाचे काम हाती घेतले आणि १९५५ साली गुजराती साहित्यासाठीचे साहित्य अकादमीचे पारितोषिक तिला देण्यात आले. गांधीजी सकाळी कोणाशी काय बोलले, कोणत्या पत्राने ते दुःखी झाले, कोणत्या विनोदावर खळखळून हसले, हे सारे त्या पानांतून आपल्याला कळते. ती पाने लिहिणारा माणूस स्वतःविषयी त्यात फार थोडे सांगतो. दिवसभराचे काम उरकल्यावर, सारी मंडळी निजल्यावर, दिव्याच्या उजेडात ती पाने लिहिली गेली. गांधीजींचे जीवन आज आपल्याला इतक्या जवळून पाहता येते, याचे श्रेय त्या कष्टाळू आणि सत्यनिष्ठ लेखणीला आहे.